काळवीट, माळरान आणि काडतुसाचे गणित

हरणाच्या शिकारीसाठी कोणते काडतूस योग्य, हा प्रश्न जगातील अनेक देशांत दरवर्षी हंगामाच्या तोंडावर विचारला जातो. जर्मनीत आणि इंग्लंडमध्ये त्याचे उत्तर थेट कायद्याच्या कलमात दिलेले आहे. भारतात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि हा प्रश्न शिकाऱ्यांच्या बैठकीतून कायमचा उठला. तरीही अहमदनगर जिल्ह्यात, २०२४ मध्ये ज्याचे अहिल्यानगर असे नामांतर झाले त्या जिल्ह्यात, तो वेगळ्या रूपाने पुन्हा डोके वर काढतो. रात्रीतून काळविटांचा कळप हरभऱ्याच्या कोवळ्या पिकात शिरतो आणि सकाळी बांधावर उभा राहिलेला शेतकरी म्हणतो, 'एक तर यांना आवरा, नाही तर आम्हाला बंदूक चालवू द्या.'

मागणी उद्वेगातून आलेली असते आणि तो उद्वेग खोटा नसतो. परंतु बंदूक चालवायची म्हणजे कोणती बंदूक, तिच्यात कोणते काडतूस आणि ते सुटल्यावर पुढे काय होते, हे फारसे कोणी विचारात घेत नाही. ते गणित मांडले तर या चर्चेतील बऱ्याच गोष्टी स्वच्छ होतात.

दीड किलोमीटरचे अभयारण्य

क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या या जिल्ह्यात कर्जत तालुक्यातील रेहेकुरी येथे १९८० मध्ये काळविटांसाठी अभयारण्य घोषित झाले. त्याचे क्षेत्र अवघे २.१७ चौरस किलोमीटर. हा तुकडा चौकोनी आहे असे मानले, तर त्याची एक बाजू जेमतेम दीड किलोमीटर भरेल. सकाळी फिरायला निघालेला माणूस वीस मिनिटांत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोहोचेल. बाभळी, खुरटे गवत, मुरमाड जमीन आणि चहूबाजूंनी ज्वारी, तूर, हरभऱ्याची शिवारे. काळविटाला कुंपणाची सीमा कळत नाही; त्याच्या दृष्टीने अभयारण्य आणि शिवार मिळून एकच माळ असतो.

काळवीट हे काटेकोरपणे पाहिले तर हरीणच नव्हे. चितळ, सांबर, भेकर ही खरी हरणे. त्यांच्या नरांची शिंगे दरवर्षी गळतात आणि नव्याने येतात. काळवीट आणि चिंकारा हे कुरंग वर्गातील. त्यांची शिंगे आयुष्यभर टिकतात. मराठीत दोघांनाही हरीण म्हणण्याची वहिवाट आहे आणि ती मोडण्याचे कारण नाही. काडतुसाच्या हिशेबात महत्त्वाचे असते ते जनावराचे वजन, त्याची वस्ती आणि त्याच्यापर्यंत किती जवळ पोहोचता येते हे. पूर्ण वाढलेला काळवीट साधारण ३५ ते ४० किलोंचा, मादी त्याहून हलकी. चितळाचा नर याच्या दुप्पट, तर सांबर पाच-सहापट वजनाचे. अकोले तालुक्यातील घाटमाथ्याच्या दाट रानात भेकर दिसलेच तर तीस-चाळीस पावलांवर दिसते. कर्जत-श्रीगोंद्याच्या उघड्या माळावर काळवीट माणसाला दोन-अडीचशे मीटरवरूनच हेरते आणि ताशी ऐंशी किलोमीटरच्या वेगाने नाहीसे होते.

म्हणजे जनावर लहान, पण अंतर मोठे. जुन्या शिकाऱ्यांपुढची अडचण नेमकी हीच होती.

काडतूस म्हणजे काय

बोलताना आपण 'गोळी' म्हणतो तेव्हा बहुधा संपूर्ण काडतूस अभिप्रेत असते. वास्तविक त्याचे चार भाग असतात. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी आघाताने पेट घेणारी लहानशी टोपी, आत दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. चाप ओढला की टोपीवर खिळा आदळतो, दारू क्षणार्धात वायुरूप होते आणि तो दाब गोळीला नळीतून ढकलतो. रायफलीच्या नळीत आतून सर्पिल खाचा कोरलेल्या असतात. त्यामुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरत जाते आणि दिशा सोडत नाही. बाराबोरची बंदूक आतून गुळगुळीत असते आणि तिच्यातून सहसा एक गोळी नव्हे, तर छऱ्यांचा पुंजका बाहेर पडतो.

.३०३ किंवा .३१५ हे आकडे नळीच्या अथवा गोळीच्या व्यासाचे, इंचात मोजलेले. नुसत्या व्यासावरून काडतुसाची ताकद मात्र कळत नाही. .२२ आणि .२४३ या दोहोंच्या व्यासांत अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच फरक आहे. तरीही नेमबाजीच्या सरावासाठी वापरले जाणारे नेहमीचे .२२ काडतूस २.६ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ३३० मीटर वेगाने फेकते. तिची ऊर्जा होते सुमारे १४० ज्यूल. .२४३ विंचेस्टर हे १९५५ मध्ये बाजारात आलेले काडतूस साडेसहा ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ९०० मीटर वेगाने फेकते आणि ऊर्जा जाते २,६०० ज्यूलपर्यंत. जवळपास तेवढ्याच जाडीची गोळी, पण अठरापट जोर. वजन दुप्पट झाले तर ऊर्जा दुप्पट होते. वेग दुप्पट झाला तर चौपट. शाळेत शिकलेल्या सूत्राचाच हा खेळ आहे.

वाचकांच्या परिचयाची 'थ्री नॉट थ्री' या तुलनेत कुठे बसते? पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षे दिसलेल्या या रायफलीचे सैनिकी काडतूस ११.३ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ७४४ मीटर वेगाने सोडते. ऊर्जा तीन हजार ज्यूलच्या थोडी वर. चाळीस किलोंच्या काळविटाला एवढ्या जोराची गरज नाही. पण हा हिशेब जोरावर संपत नाही.

मरण आणि जखम यांतील अंतर

हरणाच्या खांद्यामागे, छातीच्या पिंजऱ्यात हृदय आणि फुप्फुसे असतात. काळविटाच्या बाबतीत हे लक्ष्य साधारण पंधरा सेंटिमीटर व्यासाचे, म्हणजे जेवणातल्या लहान ताटलीएवढे. गोळी तेथे लागली तर जनावर काही सेकंदांत कोसळते. हृदयाला लागूनही ते पन्नास-शंभर मीटर धावत गेल्याची उदाहरणे शिकाऱ्यांना नेहमीची आहेत. तीच गोळी वीतभर मागे, पोटात लागली तर ते तासन्‌तास, कधी दिवसभर तडफडते. पाय मोडला तर कित्येक दिवस. योग्य काडतूस म्हणजे ज्याच्यामुळे ही वीतभराची चूक होण्याची शक्यता कमीत कमी राहते आणि नेम बरोबर असेल तर मृत्यू लवकर येतो ते काडतूस.

नळीतून सुटलेली गोळी त्या क्षणापासून खाली पडू लागते. म्हणून रायफलीचा नेम असा लावतात की गोळी आधी नजरेच्या रेषेच्या किंचित वर जावी आणि पुढे खाली यावी. .२४३ सारखी वेगवान गोळी सुमारे अडीचशे मीटरपर्यंत त्या ताटलीच्या बाहेर जात नाही. शिकाऱ्याने सरळ मध्यावर नेम धरला तरी चालते. .३०३ चा पल्ला या अर्थाने दोनशे मीटरच्या थोडा पुढे संपतो. पन्नास मीटरवर नेम लावलेली .२२ ची गोळी शंभर मीटरवर जवळजवळ वीतभर खाली गेलेली असते आणि वारा असेल तर बाजूलाही सरकते. माळावरचा वारा कसा असतो, हे नगरकरांना सांगायला नको.

या कारणांमुळे अनेक देशांनी किमान मर्यादा ठरवून दिल्या आहेत. जर्मन कायद्यानुसार रो नावाच्या लहान हरणासाठी शंभर मीटर अंतरावर गोळीची ऊर्जा किमान १,००० ज्यूल असलीच पाहिजे. त्याहून मोठ्या खुरवाल्या प्राण्यांसाठी व्यास किमान साडेसहा मिलिमीटर आणि शंभर मीटरवर ऊर्जा किमान २,००० ज्यूल. इंग्लंडमध्ये १९९१ च्या हरीणविषयक कायद्याने बहुतेक हरणांसाठी .२४० इंच हा किमान व्यास आणि सुमारे २,३०० ज्यूल ही किमान ऊर्जा ठरवली. .२४३ हे काडतूस या रेषेच्या अगदी किंचित वर बसते. तेथील लोकप्रियतेचे एक कारण तेच. हेच काडतूस जर्मनीत मोठ्या हरणासाठी चालत नाही, कारण व्यास कमी पडतो. दोन देशांच्या कायद्यांत मतभेद आहेत, पण .२२ च्या साध्या काडतुसाने हरणावर गोळी झाडणे दोन्हीकडे गुन्हा आहे.

आपल्याकडच्या चोरट्या शिकारीत मात्र .२२ ला पसंती असते. आवाज कमी, काडतूस लहान आणि स्वस्त. जनावर लगेच पडले नाही तरी चोरट्याला त्याचे सोयरसुतक नसते.

डमडमची गोळी

गोळी कशाची बनवलेली आहे, ही बाब ऊर्जेइतकीच निर्णायक ठरते आणि येथे इतिहासाचा एक धागा थेट भारताशी जुळतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धूररहित दारू आली, गोळ्या बारीक झाल्या आणि त्यांच्यावर कठीण धातूचे पूर्ण आवरण चढले. अशी गोळी शरीरातून सुईसारखी आरपार जाते. ब्रिटिश सैन्याला ते पुरेसे वाटले नाही. मग कोलकात्याजवळच्या डमडम येथील कारखान्यात १८९० च्या दशकात टोकाशी शिसे उघडे ठेवलेली .३०३ ची गोळी तयार झाली. ती आत शिरताच फुलते आणि जखम रुंद करते. तिच्यावरून 'डमडम' हा शब्दच जगभर रूढ झाला. १८९९ च्या हेग परिषदेत अशा फुलणाऱ्या गोळ्या युद्धात वापरू नयेत, असा जाहीरनामा झाला. ब्रिटनने त्यास विरोध केला होता.

पुढचा भाग विलक्षण आहे. युद्धात माणसावर जी गोळी क्रूर म्हणून वर्ज्य ठरली, तीच शिकारीत दयेची मानली जाते. इंग्लंडच्या कायद्यानुसार हरणावर झाडलेली गोळी फुलणारीच असावी लागते. कारण सैन्याची आवरणबंद गोळी हरणातून लहानसे छिद्र पाडून निघून जाते, जनावर जखम घेऊन पळते आणि गोळीत शिल्लक राहिलेला जोर पलीकडे जे काही असेल त्याच्यावर खर्च होतो.

पलीकडे काय असते, याचे एक उदाहरण भारताच्या वन्यजीव इतिहासात नोंदलेले आहे. १९४७ मध्ये आजच्या छत्तीसगडमधील कोरिया संस्थानच्या महाराजांनी एका रात्री मोटारीच्या उजेडात तीन चित्ते मारले. भारतातील अखेरच्या चित्त्यांपैकी ते मानले जातात. त्या काळी प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतानुसार पहिल्या गोळीने एक चित्ता पडला आणि दुसरी गोळी दुसऱ्याच्या शरीरातून पार होऊन मागच्या तिसऱ्याला लागली. दोन गोळ्या, तीन चित्ते. काळविटाचा पाठलाग करणारा हा प्राणी कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या काळी पाळला जाई आणि काळविटांवर सोडला जाई. चित्ते गेले, काळवीट कसेबसे उरले.

फुलणाऱ्या गोळीतील शिशाचे बारीक कण मांसात विखुरतात, ही अलीकडची चिंता. मेलेल्या जनावराचे अवशेष खाणाऱ्या पक्ष्यांना त्यातून विषबाधा होते. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांवर संपूर्ण बंदी घातली, तर डेन्मार्कने एप्रिल २०२४ पासून रायफलीच्या काडतुसांतूनही शिसे हद्दपार केले. तेथे आता तांब्याच्या गोळ्या वापरतात.

परवाना आणि बोअर

नगर जिल्ह्यात एकेकाळी कोण कोणते काडतूस वापरत असे, हे जनावरापेक्षा सरकारने ठरवले होते. सैन्याचे काडतूस प्रजेच्या हाती पडू नये, हे ब्रिटिशांचे धोरण होते. १९०७ मध्ये .४५० व्यासाच्या शिकारी रायफलींवर हिंदुस्थानात बंदी आली, कारण त्या गोळ्या जुन्या सैनिकी बंदुकांत वापरता येत. इंग्लंडमधील बंदूक बनवणाऱ्या कंपन्यांनी लगेच .४७० आणि .४६५ सारखी नवी काडतुसे काढली. .३०३ ही तर चालू सैनिकी रायफल, तिच्याऐवजी नागरिकांसाठी.३१५ पुढे आले. या काडतुसाचा वंश ऑस्ट्रियन सैन्याच्या आठ मिलिमीटरच्या जुन्या काडतुसापर्यंत जातो. गोळी जड, वेग बेताचा. पश्चिम बंगालमधील इशापूरच्या कारखान्यात .३१५ ची रायफल बनत राहिली आणि परवानाधारक भारतीयाच्या घरी रायफल असेल तर ती बहुधा हीच असते. माळावरच्या काळविटासाठी ती निवड आदर्श नव्हती. जे मिळत होते ते हे होते. ज्यांना परवडे ते जर्मन बनावटीची सात मिलिमीटरची हलकी, सपाट जाणारी रायफल घेत. जिम कॉर्बेट यांची प्रसिद्ध .२७५ रिग्बी ती हीच.

स्वातंत्र्यानंतर हे चित्र पालटले. १९५१ च्या मुंबई राज्याच्या कायद्याने शिकारीला परवाना घालून दिला, पण कागदावरील नियमापेक्षा जीप वेगवान ठरली. युद्धानंतर स्वस्तात मिळालेल्या जीपगाड्या, रात्रीचा प्रखर दिवा आणि पीकसंरक्षणाच्या नावाखाली मिळालेल्या बंदुका यांनी दख्खनच्या माळावरील काळवीट आणि माळढोक यांची जी वाताहत केली, ती शतकानुशतके फासे लावणाऱ्या फासेपारध्यांच्या हातून झाली नव्हती. जीपमधल्या शिकाऱ्याला काडतुसाचे गणित मांडण्याची गरजच उरली नाही. दिव्याने दिपलेले जनावर वीस मीटरवर उभे असते.

शेतकऱ्याच्या हाती काय उरते

आता मूळ मागणीकडे वळू. समजा, काळविटावर बंदूक चालवण्याची परवानगी उद्या मिळाली. बंदूक कोणती असेल?

१९५९ च्या शस्त्र कायद्यातील कलम १३ पीकसंरक्षणासाठी स्पष्टपणे नाव घेते ते ठासणीच्या बंदुकीचे. स्वसंरक्षण आणि खेळासाठी गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा उल्लेख आहे. म्हणजे व्यवहारात बाराबोर. .३०३, ७.६२ मिलिमीटर, ९ मिलिमीटर ही सैन्य-पोलिसांची काडतुसे सामान्य नागरिकाला वर्ज्य. परवान्यावर किती काडतुसे घेता येतील यालाही मर्यादा असते. म्हणजे ज्या शेतकऱ्याला दोनशे मीटरवरच्या काळविटावर नेम धरायचा आहे, त्याच्या हाती येते ती पस्तीस-चाळीस मीटरपलीकडे भरवसा न देणारी बंदूक. त्या अंतरापुढे छरे पसरत जातात. दोन-चार छरे पोटात, एखादा पायात, आणि कळप निघून जातो. सकाळी शेतात रक्ताचे थेंब सापडतात, जनावर सापडत नाही. युरोपमध्ये अशा वेळी माग काढणारा प्रशिक्षित कुत्रा आणण्याची शिस्त आहे. आपल्याकडे ते काम गावच्या भटक्या कुत्र्यांकडे जाते आणि ती माग काढून थांबत नाहीत.

मग शेतकऱ्याला चांगली रायफल द्यावी, असा युक्तिवाद कोणी करील. तेथे रेहेकुरीचे ते दीड किलोमीटर आडवे येते. .२२ ची क्षुल्लक वाटणारी गोळीदेखील वर धरून झाडली तर सुमारे दीड किलोमीटर जाते. म्हणजे अभयारण्याच्या एका कडेवरून निघून दुसऱ्या कडेला पोहोचते. .३०८ सारख्या रायफलीची गोळी तीन-चार किलोमीटरपर्यंत धोकादायक असते. डोंगराळ मुलखात शिकारी असा कोन निवडतो की चुकलेली गोळी समोरच्या उतारात रुतावी. कर्जतच्या सपाट माळावर समोर उतार नसतो. असते ती ज्वारी, तिच्यामागे वस्ती, रस्ता, दारे धरायला रात्री शेतात गेलेला माणूस. त्यात जमीन मुरमाड. दगडावर आपटलेली गोळी कोणत्या दिशेला उसळेल, ते झाडणाऱ्यालाही सांगता येत नाही. नगर हे रणगाड्यांचे शहर. तोफांच्या सरावाचे आवाज येथे परके नाहीत. पण लष्कराच्या सरावाला राखीव मैदान लागते, आणि ते का लागते याचे उत्तर या आकड्यांत आहे.

तात्पर्य, जी बंदूक शिवारात चालवणे त्यातल्या त्यात सुरक्षित, ती काळविटाला नीट मारत नाही. आणि जी नीट मारते, ती या शिवारात चालवता येत नाही. हा पेच कायद्याने निर्माण केलेला नाही. कायदा रद्द झाला तरी तो सुटणार नाही.

टेक्सासचे उदाहरण येथे पुष्कळदा दिले जाते. भारतातून गेलेला काळवीट तेथे १९३२ मध्ये सोडण्यात आला, फोफावला आणि आज खासगी कुरणांवर पैसे मोजून त्याची कायदेशीर शिकार होते; .२४३ हे तेथील एक नेहमीचे काडतूस. परंतु त्या कुरणांचा विस्तार हजारो एकरांचा असतो आणि आत दुसऱ्या कोणाचे शेत नसते. नगर जिल्ह्यातील सरासरी शेतकऱ्याचे क्षेत्र एकरांच्या बोटावर मोजता येईल अशा आकड्यात असते. तुलना तेथेच तुटते.

कायदा काय म्हणतो

काळवीट आणि चिंकारा हे दोन्ही प्राणी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. २०२२ मध्ये कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती लागू झाली. अनुसूचींची संख्या घटली, पण काळविटाचे स्थान कायम राहिले. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याच्या शिकारीसाठी तीन ते सात वर्षे कारावास आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. पिकाच्या नुकसानीसाठी परवाना देण्याची तरतूद कलम ११ मध्ये आहे खरी. पण ती पहिल्या अनुसूचीबाहेरील प्राण्यांसाठी. महाराष्ट्रात रानडुक्कर आणि रोही यांच्याबाबत असे परवाने देण्याची पद्धत याच आधारावर उभी आहे. पहिल्या अनुसूचीतील प्राणी मानवी जीवितास धोका असेल, किंवा बरा न होण्याइतका जखमी वा रोगग्रस्त असेल, तरच मारण्याचा आदेश मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात. काळविटाने माणसाच्या जिवाला धोका निर्माण केला असे म्हणणे कठीणच. हरभरा हा जीविताच्या व्याख्येत येत नाही, अशी शेतकऱ्याची कडवट प्रतिक्रिया असते, आणि तिच्यावर चटकन उत्तर देता येत नाही.

गुन्हा घडल्यानंतर काडतूस पुन्हा महत्त्वाचे होते, या वेळी पुरावा म्हणून. प्रत्येक रायफलीच्या खाचा गोळीवर आपले ओरखडे सोडतात आणि खिळा टोपीवर आपली खूण. माळावर सापडलेली रिकामी पुंगळी आणि जप्त केलेली बंदूक यांचा संबंध प्रयोगशाळेत जोडता येतो. छऱ्यांच्या बाबतीत हे जमत नाही. गुळगुळीत नळी छऱ्यांवर ओळखीची रेघ ओढत नाही. तेथे उरते ती पुंगळी, आणि सराईत चोर ती उचलून नेतो. मांस शिजवून झाले असेल तर हैदराबादच्या प्रयोगशाळेतील डीएनए तपासणीवर भिस्त असते. राजस्थानातील कांकाणी प्रकरण सर्वांच्या स्मरणात आहे. ऑक्टोबर १९९८ मधील दोन काळविटांच्या शिकारीबद्दल अभिनेता सलमान खान यांना जोधपूरच्या न्यायालयाने ५ एप्रिल २०१८ रोजी पाच वर्षांची शिक्षा सुनावली, तिच्याविरुद्ध अपील झाले. त्याआधी जानेवारी २०१७ मध्ये शस्त्र कायद्याखालील खटल्यातून त्यांची निर्दोष मुक्तता झाली होती. गोळी सुटली तो क्षण आणि पहिला निकाल यांत साडेएकोणीस वर्षे गेली.

बंदूक आहे, गोळी नाही

आज कायद्याच्या चौकटीत राहून काळविटावर रोखली जाणारी बंदूक एकच, गुंगीचे औषध फेकणारी. तीत गोळीऐवजी सुई लावलेली पिचकारी असते आणि ती दाबाखालील वायूच्या किंवा हलक्या कोऱ्या काडतुसाच्या जोरावर सुटते. तेथेही निवडीचा प्रश्न आहेच, फक्त उलटा. वाघाच्या जाड मांसल मांडीसाठी ठेवलेला दाब काळविटावर वापरला तर पिचकारीच त्याचे हाड मोडू शकते. शिवाय हे जनावर कमालीचे भित्रे. पाठलाग आणि पकडीच्या ताणाने त्याच्या स्नायूंत बिघाड होतो आणि वरवर सुखरूप दिसणारे काळवीट काही तासांनी किंवा दिवसांनी दगावते. त्यामुळे कळपच्या कळप हलवण्यासाठी गुंगीची बंदूक उपयोगाची नाही.

त्याऐवजी आफ्रिकेत विकसित झालेली 'बोमा' पद्धत वापरली जाते. कापडी किंवा गवती पडद्यांची नरसाळ्यासारखी वाट उभारायची, जनावरांना हळूहळू तिच्यात वळवायचे आणि टोकाशी उभ्या केलेल्या बंद वाहनात चढवायचे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशच्या शाजापूर परिसरात हेलिकॉप्टरच्या साहाय्याने याच रीतीने पिकांत शिरणारे काळवीट आणि रोही मोठ्या संख्येने पकडून अभयारण्यांत हलवण्यात आले. खर्च मोठा, तयारी अनेक आठवड्यांची, आणि मुख्य म्हणजे हलवायला दुसरीकडे मोकळे कुरण हवे. मध्य प्रदेशाकडे ते होते. नगर-सोलापूरच्या पट्ट्यात माळ म्हणजे पडीक जमीन, असे समजून एकेक तुकडा वापरात आणला जात आहे. पकडलेले काळवीट सोडायचे कोठे, हा प्रश्न येथे पकडण्याच्या प्रश्नाहून अवघड आहे.

तोपर्यंत शेतकऱ्याच्या हाती राहते ती वनविभागाकडून मिळणारी पीक नुकसानभरपाई. तिच्यासाठी नुकसान झाल्यावर ताबडतोब जवळच्या वन कार्यालयात लेखी कळवावे लागते, पंचनामा व्हावा लागतो आणि सातबारा जोडावा लागतो. पंचनाम्यापूर्वी शेत नांगरले तर दावा टिकत नाही.